कोरियाच्या खेड्यात राहायला जाताय? पहिल्या वर्षाची वाट, पायरी-पायरीने

कोरियात जाणाऱ्या मराठी माणसाला मिळणारी बहुतेक माहिती सोलची असते. मेट्रो, रात्री दोनला घरपोच येणारं जेवण, फोनवर बोलावलेली टॅक्सी. आम्ही आलो ते थेट गुऱ्ये नावाच्या तालुक्यात. दक्षिण जॉल्ला प्रांत, जिरीसान डोंगररांगेचा पायथा, सॉमजिन नदीचा काठ. नवऱ्याचं संशोधनाचं काम जवळच्या सुनचॉन शहरात आणि घर मात्र खेड्यात. मी मूळची साताऱ्याची, त्यामुळे डोंगर, नदी, गाव यांची सवय होती. पण पहिले सहा महिने जी धावपळ झाली, ती बरीचशी टाळता आली असती. ती तुमची टळावी म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. शहरात माहिती फोनमध्ये असते. खेड्यात ती भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर, गावाच्या भोंग्यात आणि माणसांच्या तोंडी असते. रॉकेलवाल्याचा नंबर, बसची खरी वेळ, रिकामं घर हे सगळं विचारूनच कळतं. त्यामुळे ओळखी करणं हेसुद्धा इथे कागदपत्रांइतकंच तातडीचं काम आहे.

१. भारतातून निघण्याआधी: नावाचा घोळ आणि कागद

आपल्याकडे पासपोर्टवर बहुतेकांच्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. कोरियात आधी आडनाव आणि मग बाकी सगळं, असं लांबलचक नाव परदेशी नागरिकाच्या नोंदणी कार्डावर छापून येतं. कोरियन नाव बहुधा तीन अक्षरांचं, त्यामुळे इथल्या फॉर्ममध्ये जागा कमी. माझ्या बाबतीत बँकेत पूर्ण नाव गेलं, फोनच्या दुकानात मधलं नाव गळलं. परिणाम असा की फोनवरून ओळख पटवण्याची जी पद्धत इथे प्रत्येक ऑनलाइन व्यवहाराला लागते, ती दोन महिने चाललीच नाही. तिकीट नाही, खरेदी नाही, सरकारी अर्ज नाही.

उपाय सोपा आहे. नोंदणी कार्डावर नाव जसं छापलंय, तसंच्या तसं, त्याच क्रमाने आणि मोकळ्या जागांसकट, बँकेत आणि फोन कंपनीत घालून घ्या. काउंटरवरून उठण्याआधी त्यांच्या पडद्यावर काय टाइप झालंय ते स्वतः बघा.

सोबत ठेवायचे कागद:

- पासपोर्ट आणि त्याच्या चार-पाच प्रती
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे ३.५ × ४.५ सेंमी फोटो, किमान सहा
- जोडीदार म्हणून येत असाल तर विवाह नोंदणीचा दाखला, अपोस्टील केलेला, म्हणजे परदेशात चालेल असा सरकारी शिक्का मारलेला. मुलांचे जन्मदाखलेही तसेच.
- क्षयरोग नसल्याचा तपासणी अहवाल
- गाडी चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना. इथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, म्हणून पहिले काही दिवस मोकळ्या रस्त्यावर सराव करा.
- नेहमीच्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी

२. घर आणि भाडेकरार

खेड्यातली घरं ॲपवर फारशी दिसत नाहीत. तालुक्याच्या गावी एजंट असतात, पण रिकामं घर खरं माहीत असतं ते गावच्या प्रमुखाला. त्याला इजांग म्हणतात. आपण म्हणताना इजांग-निम म्हणायचं, 'निम' म्हणजे आपला 'राव' किंवा 'साहेब'. भाडं दोन प्रकारचं असतं: अनामत रक्कम देऊन दरमहा भाडं, किंवा काही गावांत वर्षाचं भाडं एकदम.

घर बघायला जाल तेव्हा भिंतींचा रंग नंतर बघा. आधी पाणी तापवणारा बॉयलर कशावर चालतो ते विचारा. बहुतेक जुन्या घरांत तो रॉकेलवर चालतो आणि तोच जमिनीखालच्या नळ्यांतून घर गरम ठेवतो. खिडक्या दुहेरी आहेत का? नळाची पाइप बाहेरून उघडी गेली आहे का? जवळचा बसथांबा चालत किती लांब आहे? एवढं कळलं की पुरे.

करार झाला की त्यावर म्यॉनच्या, म्हणजे तालुक्यातल्या आपल्या गावांच्या गटाच्या, कार्यालयात तारखेचा शिक्का मारून घ्या. त्याला हाकजोंग इल्जा म्हणतात. हा शिक्का आणि त्याच पत्त्यावर तुमची नोंद, दोन्ही असेल तर घर लिलावात गेलं तरी अनामतीवर तुमचा हक्क पक्का राहतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कित्येक परदेशी लोक ते करतच नाहीत.

३. नोंदणी

नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. हाय-कोरिया या सरकारी संकेतस्थळावर आधी वेळ घ्यायची आणि मग इमिग्रेशन कार्यालयात जायचं. इथे दोन फसगती होतात. एक म्हणजे वेळ लवकर मिळत नाही, त्यामुळे पोचल्या आठवड्यातच ती राखून ठेवा. दुसरी, तुमच्या तालुक्याचं कार्यालय म्हणजे नकाशावर सगळ्यात जवळचं शहर असेलच असं नाही. परदेशी लोकांसाठीच्या १३४५ या मदतक्रमांकावर फोन करून विचारा. तिथे इंग्रजीत बोलता येतं.

न्यायचं काय: अर्ज, पासपोर्ट, फोटो, भाडेकरार आणि शुल्क. करार नवऱ्याच्या किंवा संस्थेच्या नावावर असेल तर तुम्हाला राहायला जागा दिली आहे असं त्यांचं सहीचं पत्र लागतं. मी ते नेलं नव्हतं आणि एक अख्खा दिवस, दोन बसगाड्या आणि एक रेल्वे वाया गेली.

पुढे घर बदललं तर पंधरा दिवसांच्या आत नवा पत्ता कळवा. त्यासाठी शहरात जावं लागत नाही, म्यॉनच्या कार्यालयात होतं. उशीर झाला की दंड बसतो.

आरोग्य विमा नोकरीवर असलेल्याला लगेच लागू होतो. इतरांना साधारण सहा महिने राहिल्यावर तो सक्तीचा आहे आणि हप्त्याचं पत्र घरी येतं. ते पत्र जाहिरात समजून टाकू नका. थकलेल्या हप्त्याचा परिणाम व्हिसाच्या मुदतवाढीवर होतो.

४. पहिल्या आठवड्यात गावात

कोरियात नव्या घरात आल्यावर शेजाऱ्यांना तांदळाच्या ताज्या पिठाचा वाफवलेला पदार्थ वाटतात. त्याला त्तॉक म्हणतात, वर लाल चवळीसारख्या डाळीचा थर असतो. बाजारपेठेतल्या त्तॉकच्या गिरणीत आदल्या दिवशी सांगितलं की गरम करून देतात. तो घेऊन इजांग-निमकडे, मग ग्यॉन्गनोदांगमध्ये जा. ग्यॉन्गनोदांग म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या माणसांची बसायची जागा. हिवाळ्यात दुपारी सगळ्या आज्या तिथेच असतात, जमीन गरम असते, एकत्र स्वयंपाक होतो.

आत जाताना चपला काढा, किंचित वाकून नमस्कार करा, देताना-घेताना दोन्ही हात पुढे करा. मोठ्या माणसांना नावाने हाक मारत नाहीत. बाईला हालमोनी, म्हणजे आजी, आणि एकूणच वयस्करांना ऑरूशिन म्हणा. मग प्रश्न सुरू होतील: वय काय, लग्न झालंय का, मुलं किती. आपल्या गावातल्या ओट्यावर जे विचारलं जातं तेच. आणि रोजचा पहिला प्रश्न 'बाब मॉगॉस्सॉयो?', म्हणजे 'जेवलात का?' त्याला आपल्यासारखंच 'हो, जेवले' एवढंच उत्तर अपेक्षित असतं.

पहाटे भोंग्यावर इजांग-निमची घोषणा होते. मला सुरुवातीला एक शब्द कळत नसे. मी फोनवर ती ध्वनिमुद्रित करून शेजारच्या आजींना ऐकवायची आणि त्या हातवारे करून सांगायच्या: आज पाणी बंद, उद्या फवारणी, परवा लसीकरण. पाच-सहा महिन्यांत कान तयार होतो.

भाषेसाठी क्लासचे पैसे घालवू नका. जवळपास प्रत्येक तालुक्यात सरकारी कुटुंब केंद्र असतं, तिथे परदेशी जोडीदारांसाठी कोरियनचे मोफत वर्ग चालतात. अडचणीच्या वेळी १५७७-१३६६ हा क्रमांक चोवीस तास अनेक भाषांत उत्तर देतो.

५. कचरा

कचरा साध्या पिशवीत टाकता येत नाही. १९९५ पासून देशभर ठरावीक सरकारी पिशवी विकत घ्यावी लागते. पिशवीची किंमत हीच कचऱ्याची फी. ती किराणा दुकानात मिळते आणि फक्त त्याच तालुक्यात चालते. मी सुनचॉनमधून आणलेल्या पिशवीत कचरा ठेवला, तर ती तशीच थांब्यापाशी राहिली, वर चिठ्ठी चिकटवून. ओला कचरा वेगळा, प्लास्टिक-काच-कागद वेगळे. शेजारी कुणी परसात कचरा जाळताना दिसेल, पण त्याला कायद्याने बंदी आहे. डोंगराजवळ तर अजिबात नको.

६. हिवाळ्याची तयारी ऑक्टोबरात करा

रॉकेल पेट्रोलपंपावरून टँकरने घरी येतं आणि ते 'ड्रम'मध्ये मोजतात. एक ड्रम म्हणजे २०० लिटर. घराबाहेरच्या टाकीला पारदर्शक नळी असते, तिच्यात पातळी दिसते. ती तळाला जाऊ देऊ नका. टाकी पूर्ण रिकामी झाली की नळीत हवा शिरते आणि नुसतं रॉकेल भरून बॉयलर सुरू होत नाही, माणूस बोलवावा लागतो. आमच्याकडे हे जानेवारीत, रविवारी झालं.

दोन दिवस बाहेर जाणार असाल तर बॉयलर पूर्ण बंद करू नका. भिंतीवरच्या बटणावर 'वेचुल', म्हणजे 'बाहेर गेलो' अशी खूण असते, त्यावर ठेवा. कडाक्याच्या रात्री नळातून करंगळीपेक्षा बारीक धार सोडून ठेवायची. पाणी वाया जातंय असं वाटून आपला जीव कळवळतो, पण फुटलेली पाइप फार महागात पडते.

७. बस, रेल्वे, टॅक्सी

तालुक्याच्या बस टर्मिनलमध्ये भिंतीवर वेळापत्रक असतं. पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढा आणि कुणाकडून तरी आपल्या गावाच्या ओळीखाली रेघ मारून घ्या. आमच्या गावाला दिवसातून मोजक्याच गाड्या आहेत. एकाच क्रमांकाची गाडी सकाळी एका वाटेने आणि दुपारी दुसऱ्या वाटेने जाऊ शकते, म्हणून चढताना ड्रायव्हरला गावाचं नाव सांगून खात्री करा. थांब्यावर हात दाखवा, नाहीतर गाडी निघून जाते.

शेवटची गाडी संध्याकाळी लवकर सुटते. मी एकदा सात वाजता टर्मिनलवर पोचले तेव्हा दिवे मालवलेले होते आणि झाडूवाल्या काकांशिवाय कुणी नव्हतं. फोनच्या ॲपवर टॅक्सी शोधत बसले, एकही मिळेना. काकांनीच खिशातून गावातल्या टॅक्सीचं कार्ड काढून दिलं. म्हणून हे करा: स्थानिक टॅक्सीचा नंबर पहिल्या दिवशीच घ्या आणि आपला पत्ता कोरियन लिपीत लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा. ज्या वस्त्यांना बस जात नाही, तिथल्या रहिवाशांसाठी बऱ्याच तालुक्यांत अगदी नाममात्र दरात टॅक्सी मिळते. तिला शंभर वॉनची टॅक्सी म्हणतात. तुमची वस्ती त्यात बसते का ते म्यॉनच्या कार्यालयात विचारा. उत्तर ग्यॉन्गसांगमधल्या चॉन्गसोंग तालुक्यात तर २०२३ पासून स्थानिक बस सगळ्यांनाच मोफत आहे, पाहुण्यांनाही.

रेल्वेचं तिकीट कोरेल या रेल्वे कंपनीच्या ॲपवर मिळतं. गुऱ्येला यायचं स्टेशन गुऱ्येगू. नावात गुऱ्ये असलं तरी ते नदीपलीकडे, सुनचॉनच्या हद्दीत आहे. 'गू' म्हणजे तोंड, गुऱ्येचं प्रवेशद्वार. सोलच्या योंगसान स्टेशनहून केटीएक्स या वेगवान गाडीने साधारण अडीच तास. स्टेशनवर उतरून चालत घरी जाऊ असं समजू नका, पुढे बस किंवा टॅक्सी लागतेच. रस्ता शोधायला नेव्हर किंवा काकाओचा नकाशा वापरा, गूगलचा इथे तोकडा पडतो.

८. आठवडी नव्हे, पाच दिवसांचा बाजार

हा माझा सगळ्यात आवडता भाग. ओइलजांग म्हणजे दर पाच दिवसांनी भरणारा बाजार. वार नसतो, तारखेचा शेवटचा आकडा असतो. गुऱ्येचा बाजार ३ आणि ८ चा: ३, ८, १३, १८, २३, २८. गांगवॉन प्रांतातल्या प्रसिद्ध जॉन्गसॉनचा २ आणि ७ चा. आजूबाजूच्या तालुक्यांचे आकडे वेगळे, म्हणून फिरते व्यापारी एकीकडून दुसरीकडे जात राहतात. आपल्या गावाचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सकाळी आठ-नऊला जा. बसमध्ये आज्या टोपल्या, बोचकी घेऊन बसलेल्या असतात, जागा द्या. बाजारात कडेला जमिनीवर बसलेल्या बायका घरचे तीळ, वाळवलेल्या मिरच्या, रानभाज्या विकतात. टोपलीवर भाव असतो, किलोवर नाही. फार घासाघीस करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या स्वतःच वर मूठभर जास्त घालतात, त्याला दॉम म्हणतात. रोख पैसे न्या, सुट्टे न्या.

एका कोपऱ्यात लाह्यावाला बसतो. लोखंडी गोल भांड्यात तांदूळ किंवा मका भरून जाळावर फिरवत राहतो आणि झाकण उघडण्याआधी 'प्पॉंग-इयो!' असं ओरडतो. ऐकलं की कान झाका. तोफेसारखा आवाज होतो, पांढरी वाफ सगळ्यांच्या अंगावर येते आणि जाळीच्या पिशवीत लाह्या उसळतात. घरचे तांदूळ नेले तर तेही फोडून देतो. आमच्या चिवड्याचा प्रश्न तिथे सुटला.

डाळी, जिरं, हळद बाजारात मिळत नाहीत. शेतांवर आणि कारखान्यांत नेपाळी, श्रीलंकन कामगार असतात, त्यामुळे जवळच्या मोठ्या गावात 'एशिया मार्ट' नावाचं छोटं दुकान सापडतं. तिथे तूरडाळही मिळते. ज्वारीचं पीठ मात्र घरून आणा.

९. शाकाहारी असाल तर

'गोगी प्पेगो जुसेयो', म्हणजे 'मांस न घालता द्या', एवढं पुरत नाही. मांस काढलं तरी रस्सा सुक्या मासळीचा असतो आणि किमचीत, म्हणजे मसाला लावून आंबवलेल्या कोबीत, माशाचं खारं पाणी असतं. मासळीही खात नाही हे वेगळं सांगा. सगळ्यात निर्धास्त जेवण बुद्ध मंदिरात: तिथे मांस-मासळी तर नसतेच, कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या माणसाला ते ओळखीचं वाटेल. मंदिरांच्या वाटेवर सानचे बिबिमबाब, म्हणजे रानभाज्या घातलेला भात मिळतो, तो चांगला. फक्त तिखटाची चटणी वेगळी मागून घ्या. आणखी एक, बऱ्याच खाणावळी एका माणसाचं ताट वाढत नाहीत, किमान दोघांचं सांगावं लागतं. एकट्याने जाल तर दारातच विचारा.

१०. डोंगरावर

जिरीसान हे १९६७ मध्ये झालेलं कोरियाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. सर्वोच्च शिखर चॉनवांगबोंग, १,९१५ मीटर. पहिल्याच वेळी तिकडे जाऊ नका. आधी ह्वाओमसा मंदिर बघा. तिथल्या गाकह्वांगजॉन या भव्य लाकडी सभागृहासमोरचा दगडी दीप सहा मीटरहून उंच आहे, त्याच्याखाली उभं राहिल्यावर मान मागे टाकावी लागते. प्रवेशशुल्क २०२३ पासून नाही.

मग नोगोदान, १,५०७ मीटर. हंगामात सॉंगसामजे खिंडीपर्यंत बस जाते आणि पुढची वाट रुंद, सोपी आहे. मात्र माथ्यावर जायला उद्यानाच्या संकेतस्थळावर आधी नोंदणी लागते, आपल्या कास पठारासारखी. शिखर चढायचं नसेल तर चार तालुके आणि एका शहरातून जाणारी, तीनशे किलोमीटरच्या आसपासची दुल्लेगिल वाट आहे. तिचा एखादा तुकडा घ्या. मार्चच्या मध्याला सानदोंग भागात सानसुयू नावाच्या झाडांना पिवळी फुलं येतात. तेव्हा शनिवार-रविवार सोडून जा, रस्ता तुंबतो.

सावधगिरी गंभीरपणे घ्या. वसंतात आणि पानगळीच्या शेवटी वणव्याच्या भीतीने बऱ्याच वाटा बंद असतात. काडेपेटी, स्टोव्ह वर नेऊ नका. मार्च २०२५ मध्ये शेजारच्या प्रांतातल्या सानचॉन्गमधला वणवा राष्ट्रीय उद्यानात शिरला होता. रानभाजी, चेस्टनट, एकोर्न (ओकच्या झाडाची फळं) उचलू नका, उद्यानात दंड होतो आणि बाहेर तो कुणाचा तरी माल असतो. शरदात गवतात बसू नका. तिथल्या किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये विदर्भात ज्याचे रुग्ण सापडले होते तोच. लांब बाह्या घाला आणि ताप आला, अंगावर काळी खपली दिसली तर डोंगरावर गेल्याचं डॉक्टरांना सांगा.

साध्या दुखण्याला गावातल्या किंवा म्यॉनच्या आरोग्य केंद्रात जा. रुग्णवाहिका ११९, पोलीस ११२. फोनवर कर्कश आवाजात येणारे आपत्तीचे संदेश बंद करू नका. ऑगस्ट २०२० च्या पुरात गुऱ्येतल्या गायी घरांच्या छपरांवर अडकल्या होत्या. संदेश कोरियनमध्ये आला तर पापागो या भाषांतराच्या ॲपमध्ये टाका, किंवा सरळ शेजारचं दार वाजवा.

११. नोव्हेंबरात गावातच राहा

त्या महिन्यात गावभर वर्षाची किमची घालतात, किमजांग. आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या, सगळ्यांनी सगळ्यांकडे राबायचं. पुमासी म्हणतात त्याला, आपली सावड. न बोलावता गेलात तरी चालेल. रबरी हातमोजे आणि जुने कपडे घाला, मिरचीचा रंग निघत नाही. मिठात रात्रभर मुरलेल्या कोबीचं पान-पान उचलून आत मसाला चोळायचा, बाहेरच्या पानाने गड्डा गुंडाळायचा. अधूनमधून कुणीतरी पानाची घडी थेट तुमच्या तोंडाशी धरेल.

मी मासळी खात नाही म्हणून पहिल्या वर्षी नुसतं चोळायला बसले होते. संध्याकाळी निघताना शेजारच्या आजींनी एक वेगळा डबा हातात ठेवला. माशाचं पाणी न घालता, नुसत्या मिठावर तीन गड्डे त्यांनी सकाळीच बाजूला काढले होते. झाकणावर जाड पेनने लिहिलं होतं, 'इन्दो'. भारत.

डबा परत देताना रिकामा देऊ नका, इथेही देत नाहीत. मी शेंगदाण्याचे लाडू दिले. मऊ करा, आज्यांना चाववत नाही.